मला आपली दुर्री!

नाही, नाही, ते रँडम-बिंडम मला सांगूच नका! पत्ते उघडले की थोरल्या जाऊबाईंना राजा, धाकटीला राणी, आणि मला? मला आपली दुर्री! एकदा आली, म्हटलं चालायचंच. पुन्हा आली, म्हटलं नशीब. पण दर वेळी? अहो, त्या मोबाइलच्या गेममध्ये बावन्न पत्ते आहेत, की माझ्यासाठी नुसत्या दुर्र्यांचा वेगळा जोड ठेवलाय?

तुम्हाला म्हणून सांगते, आमच्याकडे सासूबाईंनी कुणाकडे राहायचं हे पत्त्यांवर ठरतं. हसू नका! आधी पाळी होती, तिन्ही भावांकडे वर्षातले चार-चार महिने. पण "तुमच्या वाट्याला फेब्रुवारी येतो, तुमचे दिवस कमी भरतात!" यावरून जावाजावांचं बोलणं बंद पडलं. मग थोरल्या दिरांनी तोडगा काढला. हे तिघे भाऊ रविवारी आपापल्या घरी बसून मोबाइलवर रमी खेळतात, नुसती हौस म्हणून. डाव सुरू होण्याआधी तो गेम प्रत्येकाला एकेक पत्ता उघडून देतो, पहिली खेळी कुणाची ते ठरवायला. "त्यावरच ठरवू," दीर म्हणाले, "ज्या सुनेचा पत्ता लहान, तिला महिनाभर आईच्या सेवेची संधी!" संधी म्हणे! पटापट नवऱ्यांच्या मोबाइलवर बोटं टेकवली तिघींनी... आणि मला आपली दुर्री!

सासूबाई वाईट आहेत का? मुळीच नाही. पण यंदा मला बहिणीकडे जायचं होतं हो! लग्न झाल्यापासून आम्ही दोघी एका खोलीत पाठ टेकून गप्पा मारल्या नाहीत. तिनं गादीसुद्धा उन्हात घालून ठेवली होती. आणि आमचे हे? "तू गेल्यावर आईला गोळ्या कोण देणार?" जशा काही गोळ्या सुनेच्याच हातून घशाखाली उतरतात!

धाकटी जाऊ कंप्युटरवाली. तिला विचारलं, तर कशी गोड आवाजात समजावते, "ताई, मशीनला काय माहीत तुम्ही कोण? त्याला सगळे सारखेच!" अगं, सारखे ना? मग एकदा तरी ती दुर्री तुला येऊ दे की! त्या कंपनीलाही मी लिहिलं, अगदी नम्रपणे, की महाशय, आपले पत्ते नीट पिसले जात नाहीत असं वाटतं. उत्तर आलं, "आमचे पत्ते पूर्णपणे निष्पक्ष आहेत. खेळत राहा, आनंदात राहा." आनंदात! आणि त्याच रविवारी पुन्हा... मला आपली दुर्री!

मग मात्र मी हटूनच बसले. म्हटलं, मोबाइल नको, समोरासमोर बसू. थोरल्या दिरांकडे सगळे जमलो. नवा कोरा कॅट मी नेला, कागद मी फाडला, जोकर मी काढले. सगळ्यांनी पिसले, शेवटी मी पिसले, हात दुखेपर्यंत. थोरल्या जाऊबाईंनी पत्ता उचलला, गुलाम. धाकटीनं उचलला... तिर्री! तिर्री हो! तिचा चेहरा असा पडला की मला तिची दयाच आली. मी मनातल्या मनात बॅग भरली, गाडीत बसले, बहिणीच्या गादीवर आडवीसुद्धा झाले! आता तिर्रीहून लहान म्हणजे उरलं काय? उचलला पत्ता, उलटला...

सांगायला हवं का?

म्हणजे मशीन बिचारं खरंच बोलत होतं! निदान त्याला शिव्या तरी घालता येत होत्या. आता कुणाला घालू? पिसणारे हात माझेच!

परत येताना रिक्षात सासूबाई हळूच माझा हात धरून म्हणतात, "रागावू नकोस गं. दर वेळी पत्ता उघडताना मीच देवाला म्हणते, मला हिच्याकडेच राहू दे. थोरलीकडे ओरडाआरडा, धाकटीकडे सगळे मोबाइलमध्ये. तू निदान भांडतेस तरी माझ्याशी."

आता बोला! मी कंपनीशी भांडतेय, जावेशी भांडतेय, आणि वशिला लागलाय थेट वरून! बहिणीला फोन केला, म्हटलं गादी उचलून ठेव. दोन मिनिटं रडावं म्हणून खोलीत जाऊन बसले, तेवढ्यात बाहेरून सासूबाईंचा आवाज, "अगं, चहात साखर घालायची विसरलीस का?"

उठले. घातली साखर. दुसरं काय करणार?