लाल मातीखाली चार मीटर

डब्याचं झाकण टक् करून उघडलं आणि दवाखान्यातली शांतता मोडली. लेकीला बिस्किट देता देता आईचे कान शेजारच्या बाकाकडे गेले. तिथे एक म्हातारे भूवैज्ञानिक आणि त्यांच्याच वाटेनं गेलेली त्यांची मुलगी बसली होती.

"बाबा, त्या टेकडीवर तुम्ही लाल मातीतच ड्रिल थांबवलंत."

"हं."

"पावसाचं पाणी खडक कुजवतं आणि निकेल खाली नेऊन ठेवतं, हे तुम्हीच शिकवलंत ना मला? आता मी तिथेच ड्रिल केलं, तर लाल मातीखाली चार मीटरवर हिरवट, भुसभुशीत खडक लागला. निकेलनं भरलेला. आणि तुम्ही तेव्हा अहवालात 'काही नाही' लिहून मोकळे."

"टेकडीवरची ती शाळा आहे अजून?"

"आहे. पोरं ड्रिल बघायला जमली होती."

"तेव्हाही जमायची."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

"अहवाल कधी द्यायचाय?"

"उद्या. खाण झाली तर शाळा जाणार, बाबा."

"मला नको विचारूस गं. मी एकदा लिहून बसलोय."

आतून त्यांचा नंबर पुकारला. मुलीनं हात देऊन त्यांना उठवलं.

लेकीच्या हातातलं बिस्किट तसंच होतं.

"आई, ती मावशी उद्या काय लिहील?"