खोक्यातल्या काड्या

नाही हो ताई, तिच्या तोंडाचा वास तुम्हाला एकटीलाच येत नाहीये — मलाही आला, पण त्याआधी मला ह्या काड्या खटकल्या. ह्या, टोकाला स्पंज असलेल्या, तोंड पुसायच्या. तुमची लेक व्हेंटिलेटरवर आली त्या दिवशी मीच नवं खोकं फोडलं, वीस काड्यांचं. दर चार तासांनी एक, दिवसाला सहा. तीन दिवस झाले. किती उरायला हव्यात? दोन. आणि आहेत किती? चौदा! दोनदा मोजल्या — मी कुलूपसुद्धा दोनदा ओढून बघणारी बाई. आणि हा तक्ता बघा, तोंड पुसलं की इथे खूण करायची — एक चौकोन रिकामा असेल तर शपथ.

एवढा बाऊ कशाला, म्हणाल — नाही म्हणालात, बरं, पण लोक म्हणतात. अहो, नळी तोंडातून थेट श्वासनलिकेत गेलीय. तिला गिळता येत नाही, थुंकता येत नाही. तोंडात साचलेली घाण नळीच्या कडेने खाली झिरपते, फुफ्फुसात. ती वरच्यावर पुसायची — एवढंच तर काम! मग करत का नाहीत? आळस? छे, भीती. गेल्या वर्षी एका सिस्टरच्या हातून तोंड पुसताना बाळाची नळी निसटली. बाळ वाचलं, पण मोठ्या बाईंनी — आमच्या इन्चार्ज हो — तिला सगळ्यांदेखत असं सोलून काढलं, की तेव्हापासून नळीजवळ हात न्यायला कुणी धजत नाही. पोर चावतं, उसळतं. तक्त्यातली खूण चावत नाही. — ट्रेनिंग? झालं ना! दोन तास, बाहुलीवर. बाहुली बिचारी आ वासून पडलेली, खोकत नाही की रडत नाही. टाळ्या, फोटो, आणि दुसऱ्या महिन्यापासून आमचा तक्ता शंभर टक्के. ते भिंतीवरचं प्रमाणपत्र त्याचंच. धन्य!

थांबा, पुन्हा लावते डॉक्टरांना फोन — हा चौथा. सकाळपासून ताप चढतोय, कफ पिवळा येतोय. डॉक्टर पहिलं विचारणार, तोंडाची निगा नीट होती का? मोठ्या बाई मघाशीच बजावून गेल्यात, तक्त्यात आहे तेच वाच, शहाणपणा नको. मी तक्ता वाचला, की सर छाती सोडून तापाचं कारण दुसरीकडेच शोधत बसणार. तेवढा वेळ आहे का तिच्याकडे? म्हणून मी खरं सांगणार आहे. तुमच्यासमोर सांगते, बसा तुम्ही —

कुणाच्या खुणा म्हणजे? ह्या... निळ्या पेनच्या? ताई, असं बघू नका हो माझ्याकडे. काल बाराची आणि चारची, दोन्ही मी ड्यूटीवर आल्या आल्याच केल्या. मग काडी घेतली होती हातात, खरंच घेतली होती! तिने ओठ आवळले, नळीची पट्टी सैल वाटली मला — ठेवून दिली. पाकीटसुद्धा फोडलं नाही. परवाही तसंच. आज मात्र पुसलं, जिभेवरून सायीसारखा थर निघाला... नाही, रडली नाही. नुसती बघत होती माझ्याकडे.

उचला ना हो, कुणीतरी उचला — हॅलो? हॅलो सर, तीन नंबर बेडवरून — कोण? बाई, तुम्ही? सरांचा फोन तुमच्याकडे?

...हो बाई. हो, तक्ता समोरच आहे माझ्या. आहे तेच वाचते.

ताई, उठा. भेटीची वेळ संपली.