उम्माची कॅसेट

वेलायुधन : ...फ्यूज शाबूत आहे, वायरीही ठीक. गाडीचा टेप मात्र तव्यासारखा तापलाय. किती वेळ चालतो म्हणालात, ताई?

नबीसा : पंधरा-वीस मिनिटं. आमची आई, उम्मा, सगळ्यांचे सलाम सांगते, गाय व्याल्याचं सांगते. मग म्हणते, "बाळा, आता खरं बोलायचं ते बोलते," की बंद. कधी त्याच्याही आधी. पुढे कधीच नाही.

वेलायुधन : म्हणजे गाणी नव्हेत? पत्राची कॅसेट?

नबीसा : हो. हे माझे थोरले भाऊ, इक्का, सौदीत दम्मामला कामाला होते तेव्हा उम्मानं त्यांना धाडलेली. आमच्या उम्माला कुठे लिहिता येत होतं? ती जाऊन वर्ष झालं, आणि मध्यंतरी इक्कांच्या पेटीत ही मला सापडली. घरचा टेप केव्हाच भंगारात गेला, आता वाजते ती या गाडीतच. दर शुक्रवारी कब्रस्तानातून परतताना लावतो आम्ही.

वेलायुधन : मग थंड झाला की पुढचं ऐकायचं ना.

नबीसा : थंड होईस्तोवर घर येतं. इक्का कॅसेट काढून खिशात टाकतात. पुढच्या शुक्रवारी पुन्हा पहिल्यापासून. म्हणतात, उम्माचा सलाम चुकवू नये.

सैदलवी : वेलायुधा, जुना टेप आहे, दमला असेल. तू तरी किती वेळ घालवशील?

वेलायुधन : सैदलवीक्का, हा तुमच्या-माझ्या आधी मरत नाही. आवाज ऐका की, कसा खणखणीत आहे. याचा कुठेतरी श्वास कोंडतोय. बाहेर ओढून मागे बघतो.

सैदलवी : राहू दे म्हणतो ना.

नबीसा : इक्का, आलोच आहोत तर बघू द्या त्यांना.

वेलायुधन : थांबा, हे काय? चांगलं चार घड्या घालून कोंबलंय. उंदराचं काम नव्हे हे. जिथून उष्णता बाहेर पडायची, नेमकी तीच जागा बुजवलीय. कोणा शहाण्याचं डोकं म्हणायचं?

(वेलायुधन लाल चौकड्यांचा रुमाल झटकतो. नबीसा तो हातात घेऊन काठ बघते.)

नबीसा : हा तुमचा रुमाल. काठ मीच शिवून दिला होता.

सैदलवी : टेप खडखडत होता, म्हणून लावला असेल.

नबीसा : मशिदीत हरवला म्हणालात.

वेलायुधन : टेप बसवलाय मी. आता दोन्ही बाजू वाजवा, तापायचा नाही. मी समोर चहा सांगून येतो.

नबीसा : पुढे काय आहे, इक्का? उम्मा माझं काही वाईट बोलते का?

सैदलवी : वाईट? नाही गं. म्हणते, नबीसाला एवढ्यात लग्न नको. पोर शाळेत पहिली आली, तिला मास्तरीण व्हायचंय. मामा ऐकत नाहीत, पण घर तुझ्या जिवावर चालतं, तू नको म्हटलंस तर ते गप्प बसतील. गावी येणाऱ्या कुणाच्या हाती एवढा निरोप धाड.

नबीसा : आणि तुम्ही?

सैदलवी : लग्न उरकून टाका, असा निरोप धाडला. उम्माला कॅसेट मिळालीच नाही म्हणून सांगितलं. तुझ्या थोरल्या दिरानंच मला तिथे कामाला लावलं होतं. त्याच्या भावाला नकार द्यायचा म्हणजे... घाबरलो मी, नबीसा.

नबीसा : ती बोलली होती माझ्यासाठी.

सैदलवी : हो.

नबीसा : लग्नाच्या आदल्या दिवशी मी विचारलं तिला, तू एका शब्दानं का बोलली नाहीस? नुसती बघत राहिली माझ्याकडे. त्यानंतर मी तिच्याशी कधी धड बोलले नाही. शेवटचं पाणी पाजायलासुद्धा मुद्दाम उशिरा आले.

सैदलवी : तिनं ओळखलं होतं, मी खोटं बोललो ते. तू माझ्यावर राग धरशील म्हणून गप्प राहिली. आणि तू उशिरा आलीस तेव्हा दारात मीच होतो. तेव्हाही माझं तोंड उघडलं नाही.

नबीसा : कॅसेट मोडून का नाही टाकलीत?

सैदलवी : तिचा आवाज एवढाच उरलाय. मोडवेना. आणि तुला ऐकवायची छातीही होईना.

नबीसा : बटण कुठलं?

सैदलवी : डावीकडचं. तू ऐक निवांत. मी जातो, वेलायुधनचा चहा निवत असेल.

नबीसा : बसा, इक्का. उम्मा तुमच्याशी बोलतेय.