माती विसरा, साहेब!

...नाही, तुम्हीच सांगा, झाड लावायचं म्हटल्यावर माणूस आधी काय आणतो? माती! आणतो की नाही? मीही आणली. चांगली काळीभोर, चाळून, खत मिसळून. आणि सासूबाईंनी दिलेलं ऑर्किड त्यात असं दाबून बसवलं, जसं थंडीत लेकराला गोधडीत गुंडाळावं... आणि थोड्याच दिवसांत पानं पिवळी! धावत रोपवाल्याकडे गेलो. त्यानं झाड उपटलं, मऊ पडलेली मुळं बोटानं दाबून पाहिली, आणि ऑपरेशननंतर डॉक्टर बाहेर येऊन बोलतात ना, तशा आवाजात म्हणाला, "साहेब... माती विसरा."

तुम्ही म्हणाल, एका झाडासाठी एवढा जीव टांगणीला? अहो, एक झाड कुठलं! सासूबाई लहान घरात राहायला जाणार, त्यांच्या गच्चीवर ऑर्किडची फौज, आणि त्यात ते जांभळं, ठिपक्यांचं, ज्याच्यावर माझा लग्नापासून डोळा! सासूबाईंनी काय केलं, एका साध्या झाडाचे दोन भाग केले, एक मला दिला, एक माझ्या थोरल्या साडूला, आणि म्हणाल्या, "जावईबापू, पावसाळ्यानंतर येऊन बघते. मग बाकीच्या झाडांचं ठरवू." म्हणजे परीक्षाच की! आणि मी पहिल्याच पेपरात माती खाल्लेली!

तर तुम्हाला सांगतो, सडलेली मुळं कापली आणि कामाला लागलो. ऑर्किडची मुळं म्हणजे आमच्या मामेसासऱ्यांसारखी... हवा पाहिजे, ओलावा पाहिजे, पण कोणी चिकटून बसलेलं चालत नाही! म्हणून कोळसा सुपारीएवढा फोडायचा, वीट बोराएवढी फोडायची, भुगा चाळून टाकायचा, आणि नारळाच्या सोडणांचे, म्हणजे वरच्या जाड सालींचे, तुकडे पाण्यात बुडवायचे. पाणी लाल झालं की ओता, नवं भरा, पुन्हा लाल, पुन्हा ओता... हिचा आवाज न्हाणीघरातून, "अहो, घरातल्या सगळ्या बादल्यांत हे काय भिजतंय? मी आंघोळ काय वाटीनं करू?" मी म्हटलं, "क्षार निघतायत!" "तुमच्या डोक्यातला निघाला तर बघा!"

बरं, कोळसा जुन्या उशीच्या अभ्र्यात घालून हातोडीनं ठोकतोय, तर खालच्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर दारात. "भिंत पाडताय का?" नाही हो, ऑर्किड लावतोय. "मग हातोडी कशाला? माती कालवा की!" माती विसरा, मास्तर! मास्तरांनी माझ्या काळ्या तोंडाकडे पाहिलं आणि हिला हळूच विचारलं, "घरी सगळं ठीक आहे ना?"

आणि साडू? त्याचा फोन! "काय राव, तयार पाकीट मिळतं, फोडायचं, ओतायचं, झालं! एवढं काय त्यात?" वर झाडाचा फोटो. फोटोत काय... तर कळ्यांचा दांडा! माझ्या झाडाला एक नवं पान, तेही नखाएवढं. त्या दिवशी जेवण गेलं नाही हो मला.

शेवटी सासूबाई आल्या. साडू फुललेलं झाड नवरदेवासारखं मिरवत घेऊन आला. सासूबाईंनी फुलांकडे बघितलंसुद्धा नाही! वर्तमानपत्र पसरलं, दोन्ही कुंड्या धाडकन उलट्या केल्या, आणि साडूच्या कुंडीतलं मूठभर नाकाशी नेलं. सगळा लगदा! आंबूस वास माझ्यापर्यंत आला. साडू म्हणतो, "पण आई, फुलं..." "घाबरून फुललंय ते! मुळं सडून मरायला टेकलं, की झाड असं फुलतं!" मग माझी कुंडी. मुळं जाडजूड, रुपेरी, टोकं हिरवीगार, कोळशाला अशी मिठी मारून बसलेली की सुटता सुटेनात! सासूबाईंनी वास घेतला, डोळे मिटले. "जावईबापू, हे तुम्ही केलंत?" माझी छाती एवढी फुगली, की शर्टाचं बटण कुरकुरलं. जांभळं आपलंच!

आणि सासूबाई म्हणाल्या, "थोरल्या जावयांच्या गॅलरीत सकाळचं कोवळं ऊन येतं, झाडं तिकडे जातील. आणि सगळ्या कुंड्या तुम्ही भरायच्या. असा नीट हात आपल्या घरात दुसरा नाही!"

ऐकलंत? झाडं साडूला... हातोडी मला!

आता दर रविवारी मी साडूच्या गॅलरीत. मी ठोकतो, तो चाळतो, चाळता चाळता विचारतो, "काय राव, थोडीशी माती घातली तर?" मी ओरडतो, "माती विसर!" आणि आम्ही दोघं खोखो हसत सुटतो. खोटं कशाला बोलू, मजा येते. परवा तर जांभळं फुललं! अहो, काय ते ठिपके, काय तो डौल... मी हातोडी खाली ठेवून नुसता बघत बसलो. साडूनं फोटो काढला आणि सगळ्या नातेवाइकांना पाठवला. पाचच मिनिटांत मावससासूंचं उत्तर, "फूल सुरेख! मागे तोंडाला कोळसा फासलेला माळी दिसतोय, तो मन लावून काम करणारा वाटतो. आमच्याकडे पाठवाल का?"

...पुढच्या रविवारी जातोय.