चिंचेखालचं मेणकापड

न्हाई न्हाई मॅडम, असं उभ्या-उभ्या सांगून जायचं न्हाई — बसा त्या खाटेवर, चहा टाकलाय. चिंचेखालचं काम बंद करून कोकणात न्यायचं म्हणता? आमच्या चिंचेनं काय घोडं मारलंय? अहो, साऱ्या मोशीत एवढं जुनं झाड ऱ्हायलंय कुठं! चहूकडं बिल्डिंगा उठल्या, आमच्या मालकांनी, शेखरच्या बापानं, रान विकलं, पण चिंचेला हात लावू दिला न्हाई — वटवाघळांनी जायचं कुठं, म्हणाले. लोक हसले. आता बगा, सरकारची प्रयोगशाळा आमच्या दारात आली का न्हाई?

तनुजानं समजावलंय मला समदं. सून हाय, पण लेकीगत — तुमच्याकडं लागल्यापास्नं जेवताना सुदिक विषाणूच! वटवाघळांच्यात कुठले रोग हायेत ते आधीच हुडकायचं, म्हंजी उद्या साथ आली तर आपल्या देशानं दुसऱ्याच्या तोंडाकडं बघत बसाया नको. व्हय ना? करोनात आमचे दत्तोबा भावजी गेले — रिपोर्ट मागनं आला. तवाच ही म्हणाली, आत्या, मी हेच शिकणार. शिकली बी. आन् आता तुमी काम हलवलं की ही जाणार तुमच्याबरूबर. माझ्या लेकाची, शेखरची, शिफ्ट चाकणला, बायको कोकणात — मग मी हितं भांडू कुणाशी? सांगा की! करमायचं न्हाई हो मला तिच्याबिगर.

काय? मेणकापडावर कायच पडत न्हाई? सांजच्याला अंथरून जाता, सकाळी बगता तर कोरं? अहो, पडत कसं न्हाई — लेंड्यांचा सडा असतो सडा! पण ती घाण तुमाला दिसू द्यायची व्हय? शिकलीसवरली माणसं तुमी, लांबून येता. मी पहाटंच उठते, कापड साबणानं घासते, जुन्या लुगड्यानं पुसते, आन् तुमची गाडी यायच्या आत होतं तसं अंथरते. तनुजाला बी बोलले न्हाई — पाहुण्यांचं केल्यालं सांगत फिरायचं असतं का?

अशा काय बगताय? …तीच पायजे होती? ती घाण?

अगं बाई! म्हंजी एवढे दिवस मीच — आन् दोष माझ्या बिचाऱ्या चिंचेला! हसा, हसा मोठ्यानं. आजपास्नं हात लावंल ती शालन न्हाई. मग ऱ्हातंय ना काम हितंच? ऱ्हातंय! देव पावला.

हातमोजे? न्हाई बा. भांडी घासताना घालतं का कुणी? …का हो, हसायच्या थांबला का? हात कशाला बगताय माझे? न्हाई, ताप न्हाई, खोकला न्हाई, कालच दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या. रक्त तपासायचं? आज बी, पुढं बी? घ्या की मग. देशाच्या कामाला चिंच चालती, तर मी का न्हाई? भ्यायले न्हाई मी. …भ्यायले थोडी. पण सुई तनुजानंच टोचायची — सासूला टोचायचा मान दुसरीला कशाला?

आली वाटतं ती. मॅडम, तुमी आत जाऊन चहा गाळा बरं. मी डोळे झाकल्यालं तिला एकटीला दिसलं तर चालंल. जावा.