मूठ कुणाच्या ताटातली?

एक फेटा. एक श्रीफळ. सभामंडपाच्या भिंतीवर हातभर लांबीची संगमरवरी फरशी, तिच्यावर कोरलेलं नाव. आणि काल्याच्या दिवशी पहिल्या रांगेत, खांबाला टेकून बसायची जागा. मंडळी, एवढं सगळं एका माणसाला मिळणार होतं. किती खर्चात? रोजच्या चार मुठी धान्यात!

स्वस्त आहे की नाही? फेटाच बाजारात घ्यायला गेलात तर किती पडतो, विचारा कुणाला.

आता माझा प्रश्न ऐका, मग गोष्ट ऐका. देवाच्या कोठीत दान पडलं, तर ते जमा कुणाच्या नावावर होतं? ज्याच्या हातातून पडलं त्याच्या, की ज्याच्या पोटातून निघालं त्याच्या? लगेच उत्तर देऊ नका. तुम्ही माना फार लवकर डोलावता.

गावाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर शेजारी कोण बसलंय ते बघायला लागाल. त्या गावात मुठीची चाल होती. जुनी चाल, चांगली चाल. घरातली बाई चूल पेटवायच्या आधी मूठभर धान्य बाजूच्या डब्यात टाकायची. शनिवारी डबा देवळात रिकामा व्हायचा, आणि त्या धान्यावर सप्त्याची पंगत उठायची. वर्षभर खंड न पडता मूठ देणाऱ्याला काल्याच्या दिवशी सगळ्यांपुढं उभं करायचे. तो शेवटची मूठ कोठीत टाकायचा आणि एकच वाक्य म्हणायचा – "ही मूठ माझ्या ताटातली." बस्स. त्यावर फेटा.

वाक्य नीट ऐकलंत ना? माझ्या कोठारातली नव्हे, माझ्या खिशातली नव्हे. माझ्या ताटातली! जुनी माणसं अडाणी नव्हती, मंडळी. त्यांना माहीत होतं की माणूस दान देताना पहिल्यांदा दुसऱ्याच्या ताटाकडं बघतो.

तर त्या गावात दिगंबरअण्णा काशीद. सूतगिरणीत टाइमकीपर. कोण किती मिनिटं उशिरा आला, हे लिहिण्यात ज्याची तीस वर्षं गेली, असा माणूस. घरी तेच. एक तारखेला महिन्याचं वाणसामान आणायचं, कोठीच्या खोलीत कुलूप लावून ठेवायचं, किल्ली बंडीच्या खिशात. रोज सकाळी स्वतः मोजून बायकोच्या हातात द्यायचं. तांदूळ इतका, डाळ पाव किलो, तेल दोन पळ्या. घरात चार माणसं. अण्णा, त्यांची बायको अनसाबाई, मुलगा विक्रम आणि सून रूपाली.

काटकसर वाईट नाही हो! अनसाबाईंच्या काटकसरीला तर मी हात जोडतो. दोडक्याची भाजी केली की शिरांची चटणी. भाकरी उरली की दुसऱ्या दिवशी कुस्करून कांद्याची फोडणी. ताक आंबलं की कढी, भाताची पेज निघाली की त्यात मीठ-जिरं घालून संध्याकाळची सोय. तेल संपत आलं की शेंगदाण्याचं कूट घालून भाजी अशी मिळून आणायची, की जेवणाऱ्याला कळू नये. पाव किलो डाळीत दोन वेळा चार माणसं जेवतात, ही बाईची विद्या आहे. त्या विद्येला कुणी फेटा बांधलेला मी अजून पाहिला नाही!

आणि पाडव्याला अण्णांनी देवळात जाहीर केलं. आमच्या घरून एक मूठ नाही, चार! सकाळी तांदळाची एक, डाळीची एक. संध्याकाळी पुन्हा तेवढीच. आणि मूठ बायकोची नाही – तिचा हात लहान – मूठ माझी!

टाळ्या पडल्या. अण्णांचा पंजा तुम्ही पाहिला नाहीत, मी पाहिलाय. फावडं! चार मुठी म्हणजे पाव किलो धान्य. त्यात निम्मी डाळ. ठीक आहे, द्या. पण महिन्याचं वाणसामान वाढवलं का?

नाही! एक दाणा नाही.

रोजचं माप तेच, आणि माप दिल्यावर त्याच मापातून मूठ काढायची. आता बसा हिशेबाला. पाव किलो डाळ, त्यातली निम्मी देवाच्या डब्यात. उरलेल्या आध पावात चौघं, दोन वेळा. अण्णांची वाटी पातळ झाली? नाही. विक्रमची? नाही. पुरुष आधी बसतात, आणि वाढणारी बाई पळी तळातून घालते. मग राहिलं काय? वरचं पाणी. ते कुणी प्यायचं? जी शेवटी बसते तिनं.

आणि शेवटी कोण बसायचं? रूपाली. पाडव्यानंतर महिनाभरातच तिला दिवस गेले होते.

माहेरी आई नव्हती, म्हणून बाळंतपणही सासरीच. नऊ महिने तिनं हळदीचं पाणी वरण समजून खाल्लं. अनसाबाई आपल्यातली भाकरी तिच्या ताटात सरकवायच्या, ती परत सरकवायची. दोघींच्या मध्ये एक भाकरी फिरत राहायची, आणि बाहेर ओसरीवर अण्णा ढेकर देत शेजाऱ्याला सांगायचे, देवाच्या कृपेनं काही कमी पडत नाही! मुलगा काय करत होता, विचाराल. मुलगा त्याच्या ताटात काय आलं ते बघत होता. ताटाबाहेर काय गेलं ते बघायला त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

पौष सरता सरता मुलगी झाली. एक किलो आठशे ग्रॅम. डॉक्टरांनी विचारलं, हिच्या आईला खायला काय देत होता? अण्णा म्हणाले, सगळं. खोटं नव्हतं ते. ते स्वतः सगळंच खात होते!

फाल्गुन आला. अंगणवाडीच्या मंदाकिनीताई दर आठवड्याला बाळाला झोळीत घालून काट्याला लावायच्या. तीन आठवडे काटा एकाच रेघेवर. पोर रडायची, छातीला लावली की क्षणभर चोखायची आणि पुन्हा रडायची. ताईंनी रूपालीला विचारलं नाही, अनसाबाईंना बाजूला घेतलं.

"मावशी, रूपालीच्या अंगात काही नाही. दूध कुठून येणार? आणखी महिना असाच गेला, तर बाळाला तालुक्याला न्यायची वेळ येईल. आणि मग मी काही सांगू शकणार नाही."

अनसाबाई घरी आल्या. तीस वर्षांत नवऱ्याजवळ त्यांनी काही मागितलं नव्हतं. त्या दिवशी मागितलं. महिन्याला दोन किलो डाळ जास्त, पाव किलो तूप, थोडे अळीव. बाळंतिणीचं मागणं, मंडळी! स्वतःसाठी नाही.

अण्णा म्हणाले, "माप ठरलेलं आहे. हात आखडता घ्या."

"मग बाळ सावरेपर्यंत डाळीची मूठ बंद ठेवू."

"देवाची मूठ बंद? वर्ष भरायला बावीस दिवस राहिलेत. तीनशे त्रेचाळीस दिवसांवर पाणी ओतू?"

ऐकलंत? दिवस पाठ होते! नातीचं वजन पाठ नव्हतं!

दुसऱ्या दिवशी अण्णांनी नेहमीसारख्या मुठी काढल्या. बाईंनी उरलेल्या डाळीचं दाट वरण केलं, हिंग-लसणीची फोडणी दिली, आणि पहिल्यांदाच चारही पानं एकदम मांडली. रूपालीच्या पानात तळातलं वरण. विक्रमच्या पानात वरण. स्वतःच्या पानातही चार घास. अण्णांच्या पानात एक भाकरी आणि मिरचीचा ठेचा.

अण्णा पानाकडं बघत राहिले. "माझं वरण?"

"देवळाच्या डब्यात."

"म्हणजे?"

"म्हणजे तुमची मूठ तुमच्या ताटातून गेली. तीनशे त्रेचाळीस दिवस सूनबाईच्या ताटातून जात होती. राहिलेले बावीस तुम्ही द्या."

विक्रमचा घास हातातच राहिला. त्यानं बायकोच्या ताटाकडं बघितलं. लग्नाला दोन वर्षं झाली होती, ताट त्या दिवशी दिसलं.

आता तुम्हाला वाटेल, अण्णांचे डोळे उघडले. कीर्तनातली गोष्ट आहे, इथं डोळे उघडायचीच चाल आहे. नाही उघडले! दोन दिवस त्यांनी ठेच्यावर काढले. तिसऱ्या दिवसापासून एसटी स्टँडवर जाऊन रोज मिसळ, वर दोन पाव जास्त. पन्नास रुपये रोज. वीस दिवसांचे हजार. हजार रुपयांत तेव्हा सात किलो डाळ येत होती, मंडळी! म्हणजे खिसा रिकामा नव्हताच. सुनेच्या वरणासाठी बंद होता, आपल्या तर्रीसाठी उघडा!

आणि घरात काय झालं? फक्त एका माणसाचा वाटा तळातून रूपालीकडं वळला. मंदाकिनीताईंचा काटा हलला. बावीस दिवसांत साडेचारशे ग्रॅम. पोर रडायची थांबून झोपायला लागली. औषध नाही, नवस नाही. एक वाटी डाळ!

काल्याचा दिवस आला. त्या वर्षी कीर्तन माझंच होतं. चारशे माणूस बसलेलं. अण्णांना पुढं बोलावलं, त्यांनी कोठीत मूठ टाकली आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "ही मूठ माझ्या ताटातली." जीभ अडखळली नाही. बायकांच्या बाजूला अनसाबाई बसल्या होत्या, नातीला मांडीवर घेऊन. त्यांनी नुसतं वर बघितलं. फेटा मी बांधला. या हातांनी!

मग पंगत बसली. अनसाबाई वाढत माझ्यापर्यंत आल्या. वरण असं दाट, असं गोड, की मी दुसऱ्यांदा मागून घेतलं. म्हटलं, माउली, काय वरण झालंय!

"होणारच, महाराज," त्या हळूच म्हणाल्या. "वर्षभर आम्ही न खाल्लेली डाळ आहे ती."

पंगत उठल्यावर त्यांना गाठलं, तेव्हा ही सगळी हकीकत त्यांनी सांगितली. आवाज न चढवता. मला चढवावा लागतोय, कारण तुम्ही हसत होतात मघाशी, मिसळीला!

हसा. पण घरी गेल्यावर एक करा. आज शेवटी कोण जेवतं ते बघा. तिच्या वाटीत पळी घालून तळ लागतो का बघा. अन्नदानाच्या पावत्या देव्हाऱ्यात लावता, त्या धान्याचं माप घरात वाढवून दिलं होतं का, ते आठवा. नसेल दिलं, तर ते दान नव्हे, चोरी आहे. आणि चोरीचा माल देवाच्या कोठीत लपवलात म्हणून तो पवित्र होत नाही! आणि बायांनो, तुम्हीही. उपाशी राहून "मला भूकच नाही" म्हणणं हे पुण्य कुणी शिकवलं तुम्हाला? ज्यांची पोटं भरलेली होती त्यांनी!

आता सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर तुमचं तुम्ही द्या, मी फक्त बेरीज सांगतो. नाव लागलं एकाचं. फेटा बांधला मी. जेवलो चारशे. आणि त्या सगळ्या पंगतीचं मोल चुकवलं मायलेकी दोघींनी, त्यातली एक तर पहिली मूठ पडली तेव्हा जन्मलीसुद्धा नव्हती.