व्हरमाँटचा फॉर्म

करसल्लागाराच्या बाहेरच्या खोलीत आपल्या पाळीची वाट बघणाऱ्या वांडाच्या कोपराला कोपर लावून बसलेली एक अनोळखी म्हातारी स्वतःच्या लेकीपाशी कुरकुरत होती.

“इथं फ्लोरिडात राज्याचा प्राप्तिकरच नाही. पण व्हरमाँटमधलं घर भाड्यानं दिलंय, म्हणून त्या राज्याला दरवर्षी वेगळा फॉर्म!”

“घर तिथं, भाडं तिथलं, मग कर तिथंच जाणार ना, आई? दे, बघू. अगं, तू ‘रहिवासी’वर खूण केलीस!”

“हात चुकला.”

“गेल्या वर्षीही चुकला होता.”

“इथं येऊन चार वर्षं झाली, तेवढ्यात माणूस एवढं अनिवासी होतं का, टेस? माझी सफरचंदाची झाडं आहेत तिथं.”

“भाडेकरू छाटतात की.”

“छाटतात कसले, हजामत करतात मेले!”

वांडानं मासिकाआड हसू दडवलं.

“आणि इथं, माझ्याजवळ करमत नाही का तुला?” टेसनं विचारलं.

“तू फार करतेस गं माझं. माझी कुठं काही तक्रार आहे?”

“तक्रार करत नाहीस, तेच तर.”

टेसनं फॉर्म मांडीवर ठेवला.

“आई, भाडेकरू जूनमध्ये घर सोडतायत. नवे शोधू नकोस.”

“मग काय, रिकामं ठेवू?”

“रिकामं कशाला? तुला घरी जायचंय, आई. मी येते सोडायला.”